भिकनच्या नावाचं कडवं

बमरोली, सुरत
२१ मे १९९५

मालती वहिनी,

वर नमस्कार लिहिलेला नाही, ते विसरून नव्हे. नंदुरबारहून गाडीत बसले तेव्हापासून ठरवत होते की आता तुला परक्या बाईसारखं अहो-जाहो करायचं. तेही जमेना. एवढी वर्षं तू म्हटलंय, जीभ वळत नाही. तेव्हा तूच म्हणते आणि सरळ विचारते. भरल्या मांडवात माझ्या अंगावर त्या सोडून आलेल्या नवऱ्याचं, भिकनचं नाव का फेकलंस?

चैतालीच्या हळदीला आपलं बमरोलीचं ओटा मंडळच गायला हवं, हा हट्ट तुझा. "मन्ही पोरनी हयद मन्ह्याच बाया दयतीन," असं तूच लिहून पाठवलंस. आम्ही आलो. मी खात्यात साड्यांना लेस लावायचं काम अर्धं टाकून आले, शेठची बोलणी खाल्ली. निशाने दवाखान्यात दुसऱ्या आयाच्या हातापाया पडून पाळी बदलून घेतली. पुष्पाबाई ढोलकी मांडीवर घेऊन सगळा प्रवास उभ्या-बसल्या आल्या, त्यांच्यात जात्यावरची हळद वगैरे काही करत नाहीत, तरी आल्या. अंजनाबाई तर गुडघे धरून आली. का आली? तू बोलावलंस म्हणून.

आणि हळद दळताना प्रत्येकीचं कडवं तिच्या जोडीच्या नावाने म्हणायचं, ते दुसऱ्या बाईने म्हणायचं, खरं तेच म्हणायचं, हे मला शिकवलं कोणी? तूच. कोण कोणाच्या घरात नांदते, कोण माहेरी परतली, कोण एकटी पडली, हे आपल्यात हळदीच्या गाण्यात कळतं. म्हाताऱ्या त्यासाठीच कान टवकारून बसतात. गायलं ते मानलं, असं तूच म्हणायचीस.

निशा आणि मी समोरासमोर जात्याला बसलो होतो, दोघींचे हात खुंट्यावर. अंजनाबाईने माझं कडवं काढलं. "हयद कोन दयस? नूतन दयस. कोना आंगले लागस?" तिच्या तोंडात निशाचं नाव आलंच होतं. ओट्यावर गेली सात वर्षं ती तेच म्हणते, म्हातारीला नंदुरबार आणि बमरोली वेगळं कुठलं? तिने पुढचा श्वास घेतला आणि तू मागून, त्या तुझ्या खणखणीत आवाजात, "भिकन ना आंगले लागस." मग सगळ्या बायांनी रीतीप्रमाणे ते दोनदा घोळवलं. माझ्या डोळ्यांसमोर निशाचा हात खुंट्यावर तसाच फिरत राहिला. ती थांबली नाही, मला तर थांबताच येईना.

मी उठून गेले नाही. पोरीला हळद लागायची होती, आणि फुई, सख्खी आत्या, उठून गेली असती तर त्या पोरीच्या नावाने लोकांनी बोटं मोडली असती. तुला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तुझी हिंमत झाली.

उत्तर पाठव.

नूतन


बमरोली
९ जून १९९५

मालती वहिनी,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं, दरवेळी जास्त संताप आला.

लिहितेस, "विहीणबाई समोर बसल्या होत्या, ऐनवेळी सुचलं ते म्हटलं. निशाचं नाव निघालं असतं तर वरात दारातून परत गेली असती. एका ओळीने तुझं काय गेलं?"

तुझी भीती मला कळत नाही असं नाही. चैताली माझ्याही कडेवर वाढली आहे. तिचं लग्न मोडावं असं मला वाटेल का? पण सुचायचंच होतं तर माझ्या आईचं नाव सुचलं नाही? अंजनाबाईला नवऱ्याने टाकली, तिचं कडवं आपण तिच्या आईच्या नावाने म्हणतो ना? कोणी काही बोललंय कधी? नूतन हळद दळते, तिच्या आईला लागते. विहीणबाईंनी मान डोलावली असती आणि विषय संपला असता. पण तुला नवराच हवा होता. लोकांच्या डोळ्यांत माझी जागा भरून दाखवायची होती, आणि भरायला तुला तोच सापडला.

आता माझं काय गेलं ते ऐक. परवा संध्याकाळी मी खात्यातून आले तर भिकन ओट्यावर बसलेला. हो, भिकन. पारोळ्याहून आलेला, नवा सदरा, हातात नारळ आणि सुपारी. वीस वर्षांनी. केस पांढरे झालेत, बोलणं मऊ झालंय, नजर तीच. म्हणाला, "तुमच्याच घरच्या हळदीत, तुझ्या सख्ख्या भावजयीने माझं नाव गायलं. मन्हा मामानी बायकोनी आपला कानवर ऐकं. म्हणजे तुमचं घर मला मानतं. चल, आवर."

निशा आतून तांब्या घेऊन आली आणि त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर मी तिच्यावर खेकसले, तुला काय आरती ओवाळायची होती का त्याची? ती म्हणते, "तहानलेला माणूस जास्त भांडतो, दवाखान्यात रोज बघते." अशी आहे ती. मी उकळते आणि ती शांत बसते, त्याचाही मला राग येतो. मग रात्रीच्या भाकरी थापताना पाहिलं तर तिच्या हातातून पीठ सांडत होतं.

भिकनला आत्ताच मी का आठवले, ते पुष्पाबाईंनी शोधून काढलं. त्याने ठेवलेली दुसरी निघून गेली, आई अंथरुणाला खिळली आहे. म्हातारीचं हगणंमुतणं काढायला बाई पाहिजे. तू गायलीस आणि त्याला आयती मिळाली.

माझी फारकत समाजात बसून कधी झालेली नाही. मी निघून आले आणि दादाने ठेवून घेतलं, एवढंच. त्यामुळे त्याचा दावा उभा राहतो. तो पंच उखा आप्पांकडे गेला आहे, समाजाची बैठक लावायला. तू ये. बैठकीत चारचौघांत एवढंच म्हण, की ते कडवं खोटं होतं. मी तुला दुसरं काही मागत नाही, निशाचं नावसुद्धा घेऊ नकोस.

नूतन


बमरोली
२५ जून १९९५

वहिनी,

तू आली नाहीस, दादाचा निरोप आला. "नूतनने दोन-चार महिने पारोळ्याला जाऊन यावं, म्हातारीचं बघावं, वातावरण थंड झालं की पाहू." वा रे भाऊ. चांगला उपाय काढला. दुखणं म्हशीचं आणि डाग पखालीला.

हे दादाचं डोकं नाही, एवढं मला कळतं. हे वाक्य तुझ्या स्वयंपाकघरात शिजलंय.

तेव्हा आता तुला आठवण करून देते, कारण नंदुरबारच्या हवेत तू बरंच विसरलेली दिसतेस. भिकनच्या घरून मला आणायला दादा आला नव्हता. तू आली होतीस, पोटात चैताली असताना, एसटीने, एकटी. माझ्या पाठीवरचे डाग तू पाहिलेस, खोबरेल लावताना रडलीस आणि म्हणालीस, "आते तू तठे परत जावाव नही, मी जिवत शे तवलोंग." कोणत्या तोंडाने आता मला दोन-चार महिने पाठवतेस? जिवंत आहेस ना अजून?

आणि ओटा मंडळ काय माझ्या डोक्यातून निघालं होतं? कापडाची पोती आणि बॉबिनचे खोके बाजूला सारून ओट्यावर तू पहिल्यांदा बायांना बसवलंस. जी बसेल ती गाईल, जात विचारायची नाही, नवरा विचारायचा नाही, हा नियम तुझा. म्हणून भेस्तानहून पुष्पाबाई आल्या आणि आपल्या कानबाई देवीच्या गाण्यांशेजारी त्यांच्या जयंतीची गाणी बसली. म्हणून टाकलेल्या आल्या, विधवा आल्या, निशा आली. कामरेजच्या त्या दोघी दर रविवारी बस बदलून येतात, कारण साऱ्या सुरतेत शेजारी शेजारी बसून हसायला त्यांना दुसरी जागा नाही. निशाने एकदा पेपरात वाचून सांगितलं होतं, आमच्यासारख्या बायांना लेस्बियन म्हणतात. अंजनाबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं मग, आपण जोडीच्या म्हणू." तू किती हसली होतीस. तेव्हा तुला लाज वाटली नाही.

निशासोबत माझं पहिलं कडवं कोणी म्हटलं होतं, वहिनी? अंजनाबाईने नाही. तिला सवय तुझ्यामुळे लागली. सात वर्षांपूर्वी वैशाखात, शेजारच्या पोरीची हळद होती, माझ्या कडव्याची वेळ आली. माझ्यासोबत कोणाचं नाव घ्यावं कोणाला कळेना. तू जात्यावरून मान वर केलीस आणि निशाचं नाव घेतलंस, अगदी सहज, मीठ मागावं तसं. त्या दिवशी मला कळलं की तुला सगळं कळलेलं आहे आणि तरी तू माझी आहेस. मी घरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले होते. त्या बाईला मी आज पत्र लिहितेय असं मला वाटतच नाही.

बैठक ९ जुलैला ठरली. रविवार आहे. आपल्याच ओट्यावर बसणार आहेत, म्हणजे मी कुठे पळू नये. भिकन आला त्या दिवसापासून मंडळात निम्म्या बाया येत नाहीत, नवरे सोडत नाहीत. कामरेजच्या दोघी दोन रविवार आल्या नाहीत. निरोप नाही, काही नाही. त्या घाबरल्या आहेत. भिकनला नेता येतं म्हणजे त्यांच्या घरच्यांनाही त्यांना नेता येईल. मला सगळ्यात जास्त राग याचा आला आहे, भिकनचाही एवढा नाही.

गेल्या वर्षी प्लेगात तुम्ही सगळे किल्ल्या माझ्या हातात टाकून पळालात. शहर रिकामं झालं तेव्हा निशा तोंडाला फडकं बांधून वॉर्डात जात होती आणि मी तुझ्या घराला झाडू मारत होते. तेव्हा तुम्हाला मी चालले, निशाही चालली. परत आला नाहीत, तरी मी काही बोलले नाही. आता बोलते. ९ जुलैला ये.

नूतन


बमरोली
१७ जुलै १९९५

मालती वहिनी,

तुझं पत्र परवा मिळालं. "एका वाक्यात सगळं मिटत होतं, तू उठून नासवलंस. चैतालीच्या सासरी कळलं तर?" असं लिहिलंस. बैठकीत काय झालं ते तुला दादाने सांगितलं असेल, पण दादा ओट्याच्या त्या टोकाला मान खाली घालून बसला होता. तेव्हा माझ्याकडून ऐक.

पुरुष ओट्यावर, बाया आतल्या खोलीत दाराआड. मी आणि निशा उंबऱ्याशी. भिकनने हात जोडून सांगितलं, यांच्या घरच्या हळदीत माझं नाव गायलं, साक्षीला माझी मामी आहे. उखा आप्पा म्हणाले, मालतीला विचारा. तेव्हा दादाने खिशातून तुझी चिठ्ठी काढून वाचली. "मी त्या दिवशी कोणाचं नाव घेतलं ते मला आठवत नाही."

मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलंय. पण असलं कधी नाही. खोटं होतं म्हणाली असतीस तर मी तुझे पाय धरले असते. खरं होतं म्हणाली असतीस तर भांडले असते. आठवत नाही काय?

दाराआडून अंजनाबाई ओरडली, "मी तिना जोडे बठेल व्हतू. भिकननंच नाव लिनं तिनी." त्यावर आप्पा हसले. तंबाखू मळता मळता म्हणाले, "अरे भिकन, बायकांच्या गाण्यावर कोणी निवाडा करतं का? त्या काय, तोंडाला येईल ते गातात. एकीला आठवतं, एकीला आठवत नाही. ते काय स्टॅम्प पेपर आहे? वीस वर्षं पोरगी भावाकडे आहे, राहू दे. तू घरी जा." सगळे पुरुष हसले. भिकनचा मामासुद्धा हसला. झालं, मिटलं.

मी जिंकले होते, वहिनी. तुझ्या त्या आठवत नाहीने मला सोडवलं. भिकन चपला शोधायला लागला होता. निशाने माझा हात दाबला, म्हणजे गप्प बस. पुष्पाबाईंनीही डोळ्यांनी खूण केली. गप्प बसले असते तर आज माझ्या घरी सगळं पूर्वीसारखं असतं, आणि तूही हळूहळू बोलायला लागली असतीस.

पण मला ते हसणं सहन झालं नाही. गेली सात वर्षं ज्या गाण्यात माझी निशा माझी होती, ते म्हणे तोंडाला येईल ते. आमच्याकडे दुसरं काय आहे? आम्हाला मांडव नाही, वरात नाही, रेशनकार्डावर नाव नाही. तेवढं एक कडवं होतं. भिकनचं कडवं फुंकर मारून उडवलं तर निशाचंही उडालंच ना? माझ्या सुटकेसाठी तेच कवडीमोल ठरवायचं असेल तर ती सुटका मला नको होती.

मी उभी राहिले. म्हणाले, "आप्पा, गाणं मोजावं लागेल. आपल्या बाया हळदीला जे गातात ते मानलं जातं, तुमच्या आईचंही तसंच गायलं गेलंय. माझ्या वहिनीने भिकनचं नाव घेतलं. ते खोटं होतं, ते मागे घ्या. खरं कडवं निशासोबतचं आहे. ते सात वर्षं या ओट्यावर गायलं जातंय, आणि मी तिच्यासोबतच राहते, नांदते, काय म्हणायचं ते म्हणा."

कोणी हसलं नाही. आप्पांची तंबाखू हातातच राहिली. मग जे व्हायचं ते झालं. भिकन मला रांड म्हणाला, आणखीही बोलला, ते लिहीत नाही. आप्पांनी तिथल्या तिथे फारकत दिली, म्हणाले, असली बाई घरात नेऊन तू तरी काय करशील. म्हणजे ती फारकत, जी वीस वर्षं कोणी मागू दिली नाही, ती एका मिनिटात मिळाली. पुढे म्हणाले, आजपासून समाजातल्या कोणत्याही हळदीला, कानबाईला हे मंडळ बोलवायचं नाही. जी बाई या ओट्यावर बसेल तिच्या घरी पंगत नाही.

बाया एकेक करून नवऱ्यांमागे निघून गेल्या. त्यांच्यावर मी रागावले नाही. त्यांना पोरी उजवायच्या आहेत. अंजनाबाईचा मुलगा तिला न्यायला आला तर ती म्हणाली, मना गुडघा दुखतस, मी आठेच बठसू. पुष्पाबाईंनी ढोलकी काढली. निशाने आधी मला शिव्या घातल्या, चांगल्या खणखणीत, एवढी बोललेली मी तिला कधी ऐकली नव्हती. म्हणाली, हातात आलेलं तू फेकून दिलंस, उद्या खोली गेली तर कुठे राहायचं? मी म्हटलं, माहीत नाही. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली. चौघीजणी गायलो. फार चांगलं झालं नाही, वरचा सूर लावायला तू नव्हतीस. तुझ्यावाचून आमचं गाणं पडतं, हे मला आजही कबूल करावं लागतं आणि त्याने अंगाचा तिळपापड होतो.

कामरेजच्या दोघींपैकी एक काल येऊन गेली. बसली नाही, रस्त्यावरूनच विचारलं, तू बैठकीत खरंच तसं बोललीस का? हो म्हटलं. ती तशीच बसस्टॉपकडे परत गेली. येतील की नाही, मला माहीत नाही.

चैतालीचं म्हणशील तर ती मला बोलेल, तिला तोंड आहे. तिच्या आड तू लपू नकोस. विहीणबाईंची भीती होती, मान्य. समाजाची भीती होती, तेही मान्य. भिकनचं नाव घेतलंस ते कदाचित मी कधीतरी गिळेन. पण नंदुरबारला घरात बसून, कोणी गळा धरलेला नसताना, शांतपणे कागद घेऊन तू लिहिलंस की तुला आठवत नाही. हे मी गिळणार नाही.

तुला तुझ्या आजीची गाणी पाठ आहेत. माझ्या आईची आहेत, पुष्पाबाईंची आहेत. कोणत्या वर्षी कोणाच्या हळदीला कोणती बाई कुठे चुकली, ते तू झोपेतून उठून सांगशील. तुला आठवतं, वहिनी.

नूतन